ताडनाचे वय आणि अपराधाचे वय

संस्कृतातील 'शिक्षा' हा शब्द मराठीत येताना आपला अर्थ बदलून आला. वेदांगांपैकी उच्चारशास्त्राला 'शिक्षा' म्हणतात; हिंदीत आजही 'शिक्षा' म्हणजे अध्यापन व अध्ययन. मराठीत मात्र शिक्षा म्हणजे दंड होय. शिकविण्याच्या अर्थासाठी मराठीने 'शिक्षण' हे रूप राखून ठेवले आणि 'शिक्षा' हे रूप न्यायाधीश, पंतोजी व वडीलधारी माणसे यांच्या स्वाधीन केले. या दोहोंच्या मध्ये जी 'शिस्त' उभी असते, तो शब्द तर फारसीचा असून 'शिस्त धरणे' म्हणजे बंदुकीचा नेम धरणे हा त्याचा जुना उपयोग होय. शब्दांच्या अशा स्थलांतरावरून समाजाच्या मनोवृत्तीविषयी घाईने निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. तथापि शिकविणे आणि दंड करणे या दोन क्रिया जेथे एकाच व्यक्तीच्या हाती होत्या, तेथे एका शब्दाने दोन्ही अर्थ वाहिले यात नवल नाही.

मुलाने आगळीक केली असता त्याच्या वयाला अनुरूप असे शासन कोणते, या प्रश्नाचे परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध उत्तर चाणक्याच्या नावावर चालणाऱ्या नीतिसंग्रहात आढळते. पाच वर्षे पुत्राचे लालन करावे, पुढील दहा वर्षे त्याचे ताडन करावे आणि सोळावे वर्ष लागताच त्याच्याशी मित्राप्रमाणे वागावे, असा त्या श्लोकाचा आशय आहे. हा संग्रह म्हणजे अर्थशास्त्रकार कौटिल्याची कृती नव्हे. चाणक्यनीतीच्या निरनिराळ्या पाठपरंपरांचा लुडविक स्टर्नबाख यांनी जो विस्तृत अभ्यास केला, त्यावरून अनेक शतके वाढत गेलेले हे सुभाषितांचे भांडार आहे हे स्पष्ट झाले आहे. श्लोकाचा अर्थही पुष्कळदा चुकीचा सांगितला जातो. 'दहा वर्षे' हा काळाचा अवधी आहे, वयाची सीमा नव्हे. लालनाची पाच आणि ताडनाची दहा मिळून पंधरा वर्षे होतात, म्हणूनच सोळाव्या वर्षाचा उल्लेख पुढे येतो. दहाव्या वर्षापर्यंतच मारावे असा सौम्य अर्थ काढणाऱ्यांची सदिच्छा मान्य केली, तरी श्लोकातील गणित त्यांच्या बाजूस नाही.

पाच आणि सोळा हे आकडे कोठून आले, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. पाचव्या वर्षी विद्यारंभ करावा असे पुराणवचनांच्या आधारे निबंधकार सांगतात. कौटिलीय अर्थशास्त्रात चौलसंस्कारानंतर लिपी व संख्या शिकवावी, उपनयनानंतर पुढील विद्या द्याव्यात आणि ब्रह्मचर्य सोळा वर्षांपर्यंत पाळावे, असा राजपुत्राचा क्रम दिला आहे. पुरुष सोळा वर्षांचा होताच व्यवहारास योग्य होतो, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे श्लोकातील पहिली सीमा पाटीपूजनाची आणि दुसरी कायदेशीर प्रौढत्वाची आहे. मुलाची समज केव्हा येते, त्याला बऱ्यावाइटाचा विवेक केव्हा होतो, या प्रश्नाशी श्लोकाला कर्तव्य दिसत नाही. मुलगा जितकी वर्षे शिकत असेल तितकी वर्षे छडी, एवढेच त्याचे प्रमेय आहे. हा वयोमानानुसार शिस्तीचा सिद्धांत आहे असे आज समजले जाते. वस्तुतः तो अध्ययनकालाचा हिशेब आहे.

ताडनाचे गुणगान चाणक्यसंग्रहाहूनही प्राचीन आहे. गुरू अमृताच्या हातांनी मारतात, विषाच्या नव्हे, आणि लालनातून दोष व ताडनातून गुण उत्पन्न होतात, अशा आशयाचे वचन पतंजलीने महाभाष्यात उद्धृत केले आहे. याच ग्रंथाच्या आरंभीच्या भागात उदात्त स्वराच्या जागी अनुदात्त उच्चारणाऱ्या शिष्याला खंडिकोपाध्याय चपराक देतो, असे एक चित्र सहजगत्या येऊन जाते. पतंजलीला तेथे शिस्तीविषयी काही सांगावयाचे नव्हते. तो स्वरभेदाचे महत्त्व सांगत होता. नेमके याच कारणास्तव हे प्रमाण मोलाचे ठरते. दृष्टान्त म्हणून जी गोष्ट घेतली जाते ती श्रोत्यांच्या नित्य परिचयाची असावी लागते. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील पाठशाळेत चुकीच्या स्वराची किंमत गालाने द्यावी लागे, हे यावरून निःसंशय दिसते.

धर्मसूत्रकारांची वृत्ती मात्र याहून सावध आहे. शिष्याचे शासन न मारता करावे, हा गौतमाचा मूळ नियम. ते अशक्य झाल्यास बारीक दोरी किंवा वेताची चिरफळी वापरावी, आणि अन्य कशाने मारणाऱ्या गुरूला राजाने दंड करावा, असे तो पुढे सांगतो. आपस्तंबाने दिलेल्या उपायांत तर छडीचे नावच नाही. धाक घालणे, उपवास घडविणे, पाण्यात स्नान करविणे आणि काही काळ आपल्या समोर येऊ न देणे, हे त्याचे उपाय आहेत. आणि शिष्याचे वर्तन सुधारेपर्यंतच ते चालवावयाचे आहेत. मनुस्मृतीत दोरी व बांबूची चिरफळी ही साधने कायम राहिली. पण पाठीवरच मारावे, मस्तकावर कधीही नव्हे, आणि याहून वेगळ्या रीतीने मारणाऱ्यास चोराइतका दोष लागावा, अशी मर्यादा घातली आहे. ही मर्यादा ज्यांच्याविषयी सांगितली त्यांची यादी वाचण्यासारखी आहे: भार्या, पुत्र, दास, सेवक व धाकटा सख्खा भाऊ. बालक येथे बालक म्हणून आलेले नाही. घरातील कर्त्याच्या सत्तेखालील एक व्यक्ती म्हणून ते आले आहे, आणि म्हणूनच वयाचा उल्लेख करण्याचे स्मृतिकाराला प्रयोजन वाटलेले नाही. साधन कोणते, अंग कोणते, मारणाऱ्याचे उत्तरदायित्व किती, याचा विचार झाला. मार खाणाऱ्याच्या वयाचा झाला नाही.

जातककथांतील तिलमुट्ठि जातक याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने भिडते. वाराणसीचा राजपुत्र सोळाव्या वर्षी तक्षशिलेस अध्ययनार्थ जातो. एका वृद्धेने वाळत घातलेले तीळ तो मूठभर उचलून खातो. असे तीनदा घडते. वृद्धेची तक्रार येताच आचार्य दोन शिष्यांकरवी त्याचे हात धरवून बांबूच्या काठीने पाठीवर तीन फटके मारतात. राजपुत्र तो अपमान विसरत नाही. राज्यावर आल्यावर तो आचार्यांना बोलावून घेतो, ते त्यांचा वध करण्यासाठीच. त्या वेळी ते फटके बसले नसते तर तिळांवरून मोठ्या चोऱ्यांकडे तुझी प्रगती झाली असती, या आचार्यांच्या उत्तराने त्याचा राग शमतो आणि तो त्यांना पुरोहितपद देतो. कथेचा कल आचार्यांकडे आहे हे उघड असले, तरी मार खाल्लेल्या मुलाच्या मनात वर्षानुवर्षे काय साठत राहते याचे भान कथाकाराला होते. शिवाय हा शिष्य सोळा वर्षांचा आहे. नीतिश्लोकाचे गणित येथे लावले, तर आचार्यांनी काठी खाली ठेवून मैत्री आरंभावयास हवी होती.

बालकाच्या वयाचा खरा विचार ताडनाच्या प्रकरणात नव्हे, तर पापाच्या प्रकरणात झाला. त्याची सर्वांत हृदयंगम कथा महाभारताच्या आदिपर्वातील अणीमांडव्याची आहे. मौनव्रत धारण केलेल्या या ऋषीच्या आश्रमात चोर आपली लूट लपवितात. राजपुरुष ऋषीलाही चोर समजून सुळावर चढवितात. पुढे सुटका झाली तरी सुळाचे टोक शरीरातच राहते. मांडव्य धर्मराजाकडे जाऊन, कोणत्या कर्माचे हे फळ, असे विचारतो. बालपणी तू कीटकांना गवताच्या काड्या टोचल्या होत्यास, असे धर्म सांगतो. एवढ्या लहान अपराधाला एवढा मोठा दंड, याचा मांडव्याला संताप येतो. तो धर्माला शूद्रयोनीत जन्म घेण्याचा शाप देतो; विदुराच्या जन्माची ही उपपत्ती होय. त्याबरोबरच तो एक नवी मर्यादाही घालून देतो: वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत केलेल्या कर्माचे पाप लागणार नाही. मुलाला त्याच्या वयाचा विचार न करता दंड केला म्हणून साक्षात धर्माला शासन व्हावे, ही कल्पना आपल्या वाङ्मयात असताना लोकांच्या तोंडी मात्र लालन-ताडनाचा श्लोक राहिला. लोकस्मृतीची निवड अशीच असते.

मांडव्याची मर्यादा केवळ कथेपुरती राहिली नाही. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा टीकेत विज्ञानेश्वराने जी स्मृतिवचने एकत्र केली आहेत, त्यांतून एक सुसंगत श्रेणी तयार होते. सोळा वर्षांखालील मुलाला, ऐंशी वर्षांच्या वृद्धाप्रमाणेच, अर्धे प्रायश्चित्त. पाच ते अकरा वर्षांच्या मुलासाठी त्याचा भाऊ, पिता किंवा अन्य सुहृद याने प्रायश्चित्त करावे. त्याहून लहान बालकाला अपराध नाही, पातक नाही, राजदंड नाही आणि प्रायश्चित्तही नाही. बाराव्या शतकाच्या आरंभी कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिली गेलेली ही टीका महाराष्ट्रात पुढे शतकानुशतके प्रमाण मानली गेली. मधला टप्पा येथे विशेष विचारणीय आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाचे आचरण चुकले तर त्याचा भार मोठ्याने वाहावा, हे तत्त्व त्यात अंतर्भूत आहे.

आता दोन्ही मापे शेजारी ठेवून पाहावीत. पाच ते सोळा हा जो काळ प्रायश्चित्तशास्त्राने अपूर्ण जबाबदारीचा ठरविला, तोच काळ नीतिश्लोकाने ताडनाचा ठरविला. ज्या वयात मुलगा सर्वांत कमी अपराधी, त्याच वयात तो सर्वांत अधिक मार खाण्यास पात्र! यावर असे म्हणता येईल की ताडन हा दंड नव्हे, ते संस्काराचे साधन आहे. गतकाळातील शास्त्री याच उत्तराचा आश्रय घेतील. परंतु पाठीवर उठलेल्या वळाला हा भेद कळत नाही, आणि गौतमाने अतिरेक करणाऱ्या गुरूला राजाकडे नेले त्या अर्थी त्यालाही तो पुरता पटलेला नसावा.

पेशवाईच्या अखेरीनंतर मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या आज्ञेने देशी शाळांची जी गणना झाली, तिच्या निष्कर्षांनुसार १८२९ च्या सुमारास इलाख्यात सुमारे १,७०० शाळा आणि ३५,००० विद्यार्थी होते. ही कागदपत्रे पुढे रा. वि. परुळेकर यांनी परिश्रमपूर्वक प्रकाशात आणली. पंतोजीची शाळा देवळाच्या ओवरीत, कोणाच्या पडवीत किंवा त्याच्या स्वतःच्या घरी भरे. धुळपाटीवरची अक्षरे, मोडी कित्ते, पाढे, पावकी-निमकी हा अभ्यासक्रम. वयानुसार इयत्ता नव्हत्या. सहा वर्षांचा नवशिका आणि बारा-तेरा वर्षांचा हिशेबात मुरलेला मुलगा एकाच बैठकीत बसत. जेथे अध्यापनच वयाने विभागलेले नव्हते तेथे शासन वयाने विभागले जाणे शक्य नव्हते. छडी, कान पिळणे, अंगठे धरून ओणवे उभे करणे, उठाबशा या गोष्टी मराठी भाषेत इतक्या रुळल्या की 'अंगठे धरायला लावणे' हा वाक्प्रचार शाळेबाहेरही चालू झाला. पंतोजीला एकट्याला दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. त्याचे उत्पन्न पालकांच्या मर्जीवर अवलंबून असे, आणि छडी न उगारणारा पंतोजी हा पालकांच्याच दृष्टीने कामचुकार ठरण्याचा संभव अधिक होता.

ब्रिटिश अंमलात याच द्वंद्वाने कायद्याचे रूप घेतले. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ८२ व्या कलमाने सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध ठरत नसे. ८३ व्या कलमाने सात ते बारा वर्षांच्या मुलाला कृत्याचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी परिपक्वता नसेल तर तेच संरक्षण मिळे. सहा कलमे ओलांडून ८९ व्या कलमाशी आले की पुन्हा बारा हाच आकडा भेटतो. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, सद्भावनेने, पालकाने किंवा पालकाच्या संमतीने केलेले कृत्य, त्याने मुलाला इजा झाली तरी, काही अपवाद वगळता अपराध ठरत नसे. शस्त्रक्रियेसारख्या गोष्टी या कलमाच्या कक्षेत येतच. परंतु पालक व शिक्षक यांनी केलेल्या ताडनाचेही समर्थन याच कलमाने होऊ लागले. बारा वर्षांवरील विद्यार्थ्यांविषयी न्यायालयांनी शेजारच्या ८८ व्या कलमाचा आधार घेतला आणि मुलाला शाळेत घातले यातच शिक्षकाच्या वाजवी शासनाला संमती आहे असे गृहीत धरले. मिताक्षरा आणि नीतिश्लोक यांच्यातील विसंगती मेकॉलेच्या मसुद्यातून निघालेल्या संहितेत, तिच्या कर्त्यांना कल्पनाही नसताना, जशीच्या तशी पुन्हा प्रकट झाली, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग म्हणावा लागेल.

१८६४ च्या फटक्यांच्या कायद्याने तर शाळेलाच न्यायालयाचे माप केले. बालगुन्हेगाराला इतर शिक्षेऐवजी फटके देता येत, आणि ते हलक्या वेताने, शालेय शिस्तीच्या रीतीने द्यावेत, असे त्या कायद्याने सांगितले. शाळेतील शिस्त म्हणजे किती फटके, कोणत्या अंगावर, कोणाच्या हातून, याची व्याख्या कोठेच नव्हती. गौतम व मनू यांनी निदान साधन आणि अंग तरी ठरवून दिले होते. नंतरच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत सोळा वर्षांखालील मुलासाठी १५ व प्रौढासाठी ३० फटक्यांची कमाल मर्यादा आली. म्हणजे पुन्हा अर्धे! विज्ञानेश्वराचे अर्धे प्रायश्चित्त येथे अर्ध्या फटक्यांच्या रूपाने परतले. १९०९ चा सुधारित कायदा स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकला. १९५५ मध्ये संसदेने न्यायालयीन फटक्यांची शिक्षा रद्द केली.

दंडाऐवजी सुधारणा हा विचार तोवर मूळ धरू लागला होता. १८५० च्या उमेदवारीच्या कायद्याने किरकोळ अपराध करणाऱ्या मुलांना तुरुंगाऐवजी धंदेशिक्षणाला लावण्याची सोय झाली, आणि १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. १८७६ व १८९७ चे सुधारशाळांचे कायदे आणि १९२४ चा मुंबई बालक अधिनियम हे त्यापुढील टप्पे होत. या अधिनियमाने चौदा वर्षांखालील 'बालक' आणि चौदा ते सोळा या वयाची 'तरुण व्यक्ती' असा भेद केला. चौदा हा मांडव्याचा आकडा. पण अधिनियम रचणाऱ्यांसमोर इंग्लंडचा १९०८ चा बालक कायदा होता, महाभारत नव्हे.

शाळेत मात्र छडीची सत्ता अबाधित होती. तिला पहिले पद्धतशीर आव्हान मिळाले ते बालशिक्षणाच्या चळवळीकडून. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. माँटेसरींच्या विचारातून या मंडळींनी घेतलेले मुख्य सूत्र असे की मुलाचा खोडकरपणा हा बहुधा त्याच्या वयाच्या स्वाभाविक गरजेचा आडमार्गाने झालेला आविष्कार असतो. तीन वर्षांचे मूल वस्तू ओढते, सांडते, फोडते, कारण त्या वयात हातांनीच जग कळते. त्याला हाताळण्याजोगे काम द्यावे म्हणजे शासनाचा प्रश्नच बहुतांशी उरत नाही. वयाचा विचार येथे प्रथमच मुलाच्या बाजूने झाला. बालकाला कोणत्या वयापासून मारावे हा प्रश्न मागे पडून, या वयाचे बालक असे का वागते, हा प्रश्न पुढे आला. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आणि नंतर कोसबाडला गेल्या. अनुताई वाघ यांच्या साहाय्याने त्यांनी वारली मुलांच्या अंगणापर्यंत बालवाडी नेली. शाळेची सवय नसलेली ही मुले धाकाने शाळेत येणे शक्यच नव्हते, येथे या विचाराची खरी कसोटी लागली.

याच काळात मराठी मनावर सर्वांत खोल ठसा उमटविणारे पुस्तक मात्र मारणाऱ्या आईचे आहे. साने गुरुजींच्या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या 'श्यामची आई' मध्ये पोहण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने मारून विहिरीवर पाठविते, आणि तो परतल्यावर त्याच्यापुढे दही ठेवून, तुला भित्रा म्हटलेले मला सहन झाले नसते, असे समजावते. अमृताच्या हातांची पतंजलीकालीन कल्पना याहून प्रभावीपणे मराठीत कोणी साकार केलेली नाही. या प्रसंगातील बळ शिंपटीत आहे की त्यानंतरच्या बोलण्यात, याचा विचार न करता ताडनाचे समर्थक त्याचा दाखला देत आले. आईने आपल्या मारण्याचे कारण मुलाला सांगणे आवश्यक मानले, ही गोष्ट चाणक्यश्लोकात बसत नाही. तेथे ती सोळाव्या वर्षापूर्वी येतच नाही.

स्वातंत्र्योत्तर काळातील नियमांतही जुन्या मर्यादांची छाया दीर्घकाळ राहिली. १९७३ च्या दिल्ली शालेय शिक्षण नियमांत छडीचे दहापर्यंत फटके, तेही तळहातावर, देण्याची मुभा होती आणि त्यांची नोंद वहीत करावयाची होती. मनूची पाठ जाऊन तळहात आला, एवढाच फरक. दिल्ली उच्च न्यायालयाने १ डिसेंबर २००० रोजी ही मुभा घटनाबाह्य ठरविली. भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचा स्वीकार केला होता, आणि २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या १७ व्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना बंदी केली. १ एप्रिल २०१० पासून हा अधिनियम लागू झाला. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने बालसंगोपन संस्थांतील शारीरिक शिक्षेला स्वतंत्रपणे अपराध ठरविले. त्याच अधिनियमाने सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाची, अतिगंभीर गुन्ह्याच्या बाबतीत, प्रौढाप्रमाणे चौकशी करण्याची वाट मोकळी केली. सोळावे वर्ष येथे पुन्हा परतले आहे, पण मैत्रीसाठी नव्हे.

घरातील ताडनाला यांपैकी कोणताही अधिनियम नाव घेऊन स्पर्श करीत नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुन्या ८२ व ८३ या कलमांतील तरतुदी तिच्या २० व २१ या कलमांत आल्या आणि ८९ व्या कलमातील तरतूद २७ व्या कलमात आली. तिन्हींतील वये बदललेली नाहीत. बारा वर्षांखालील मुलाचे अपराधापासून संरक्षण आणि त्याच मुलाच्या बाबतीत पालकाला असलेले संरक्षण आजही एकाच प्रकरणात, सहा कलमांच्या अंतरावर, उभे आहे.